वजन उतरलं पण पोट आणि कातडी तशीच... कुणाला असा अनुभव आहे का?

तापीकाठ | ३ मे, रात्री ११:२०

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. बाळ झोपलंय, नवरा नाईटला गेलाय, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये.

सिझर होऊन आता १४ महिने झाले. दिवस राहिले तेव्हा मी ५८ किलो होते, नवव्या महिन्यात ८१ ला गेले, आणि आता काट्यावर ६०. म्हणजे नवव्या महिन्यापासून २१ किलो उतरले. शेजारणी विचारतात काय केलंस गं, पण घरात कपडे बदलताना मी आरशाकडे पाठ करते. टाक्याच्या वर पोटाची घडी लोंबते, हातात धरली तर मऊ, आत काही नसल्यासारखी. बेंबीभोवती कातडी इतकी चुरगळलीय की ओल्या कापडावर ज्वारीच्या पापडाची, बिबडी घातल्यावर वाळताना जशी आक्रसते ना, अगदी तशी. मांड्या, कंबर, छाती सगळीकडे कातडी ताणल्याचे चट्टे (स्ट्रेच मार्क्स), काही अजून जांभळे काही पांढरे. मान काळी पडलीय, घासून घासून सोलून निघाली तरी जात नाही. केस तर मूठ मूठ. आणि सगळ्यात जास्त लागतं ते हे की सकाळी पोट बरं असतं पण संध्याकाळी जेवले की असं पुढे येतं जणू पाचवा महिना.

आखाजीला माहेरी गेले होते, सगळ्या मैत्रिणी आल्या होत्या, निंबाच्या झाडाला झोका बांधलेला. मी झोक्यावरून उतरले, पदर सरकला आणि एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय वं माय, परत काही शे का?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं मला माहितीय. पण मी आत जाऊन कोठीच्या खोलीत उभीच राहिले किती वेळ.

तेव्हापासून रात्रीचं जेवण बंद केलंय. दुपारी एक भाकरी आणि काकडी, संध्याकाळी चहा. बाळ रात्री अजून अंगावर पितं. तरी पोट तसंच. आता अजून किती उतरवायचं? कातडी परत जागेवर येते का? बदामाचं तेल, बायो ऑइल, कोरफड सगळं करून झालं. खरं काय ते सांगा.

भुसावळकरीण | ३ मे, रात्री ११:५२

आधी जेव. बाकीचं उद्या बोलू पण उद्या रात्री जेवायचं, हे आत्ताच सांगते.

दोन पोरं झालीत माझी, मोठा आता दहावीला. तू लिहिलंयस ते कोठीच्या खोलीतलं, मी पण उभी राहिलेय अशी, न्हाणीत. पाच वर्षं मी स्वीमिंग सोड पण अर्ध्या बाहीचा ब्लाउज घातला नाही कारण दंडाला चट्टे होते. कुणी मला बोललंही नव्हतं, मीच.

चट्ट्यांचं मला त्वचेच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते सांगते. गोधडी असते ना, वरचं लुगडं धड दिसतं पण आतल्या थराचा टाका उसवलेला असतो, तसं कातडीचं असतं. वरचा थर शाबूत, आतल्या थरातले कोलॅजन आणि इलास्टिनचे धागे ताणून तुटतात. म्हणून वरून कितीही तेल चोळलं तरी आतला टाका शिवला जात नाही. तेलाने खाज कमी होते, कोरडेपणा जातो, बास. जांभळे असतात ते नवे, ते हळूहळू पांढरे-चंदेरी होतात, आणि एकदा पांढरे झाले की औषधाला फारशी दाद देत नाहीत. लेझर वगैरे जांभळ्यांवर थोडं बरं चालतं पण पूर्ण जात नाहीत, आणि आपल्या सावळ्या कातडीवर चुकीच्या हातात लेझर गेलं तर काळा डाग उठतो. ट्रेटिनॉइन नावाची क्रीम असते ती दूध पाजताना स्वतःच्या मनाने लावू नको, आणि दिवस असताना तर नकोच.

माझे आता दिसतात का? दिसतात. उन्हात चमकतात.

आक्कामाय | ४ मे, पहाटे ५:३५

पोरी तू रडू नको. आम्ही साक्रीकडचे, आमच्या येळेला सव्वा महिना बाजेवरून खाली पाय ठेवू देत नव्हते. जुनं नऊवारी फाडून त्याचा पट्टा करून सुईण पोट बांधायची, दोन वेळ तेल, खालून शेगडीचा शेक, ओवा-बाळंतशोपाची धुरी. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, अळीवाची खीर. तुमच्या पिढीत पोट बांधत नाहीत म्हणून सुटतं असं मला वाटतं. तू बांधलं होतं का? आणि जेवण सोडणं हे काय नवीन काढलं, अंगावर पाजणारी बाई उपाशी राहिली तर तिचीच हाडं झिजतात वं माय.

शिरपूरची_फिजिओ | ४ मे, सकाळी ९:१०

आक्का, जेवणाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पट्ट्याबद्दल जरा वेगळं सांगते, राग मानू नका.

माहेर शिरपूर, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बाळंतपणानंतरच्या बायकांचंच काम जास्त करते. तापीकाठ, तू "संध्याकाळी पाचवा महिना" लिहिलंस तिथेच मी थांबले. सकाळी सपाट आणि संध्याकाळी पुढे, हे चरबीचं लक्षण नाही. चरबी सकाळ-संध्याकाळ बदलत नाही.

आपण "पोट" म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, कातडी, तिच्याखालची चरबी आणि त्याच्या आत स्नायू. पोटाच्या मधोमध वरून खाली दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पांढरी पट्टी. गर्भ वाढतो तशी ती पट्टी ताणली जाते, स्नायू बाजूला सरकतात. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत बऱ्याच जणींचं आपोआप बरंच जवळ येतं. काहींचं राहून जातं, त्याला डायस्टॅसिस म्हणतात. मग दिवसभर उभं राहून, बाळ उचलून, जेवून आतला भार पुढे येतो आणि त्याला धरायला मधे काही घट्ट नसतं. उपाशी राहून हे अजिबात भरत नाही, उलट प्रोटीन कमी पडलं की स्नायू अजून ढिले.

घरी बघ. उताणी झोप, गुडघे वाकव, तळवे जमिनीवर. दोन बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेव, आता फक्त डोकं आणि खांदे थोडे उचल, हनुवटी छातीकडे. बोटांच्या दोन्ही बाजूंनी स्नायूच्या कडा जवळ येताना लागतील. मधे किती बोटं मावतात ते मोज. मग बेंबीवर, मग बेंबीच्या दोन बोटं खाली. दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर कुणाला तरी प्रत्यक्ष दाखव. डोकं उचलताना मधे तंबूसारखा उंचवटा येतो का तेही बघ. आणि बेंबीजवळ गाठ येऊन दुखत असेल, कडक होत असेल, उलट्या होत असतील तर व्यायाम नाही, सरळ सर्जनकडे, तो हर्निया असू शकतो.

आक्का, पट्ट्याने पहिल्या दिवसांत आधार मिळतो, सिझरनंतर खोकताना-उठताना दुखणं कमी होतं, तेवढ्यासाठी चांगला. पण त्याने स्नायू स्वतः काम करायला शिकत नाहीत. फार आवळून बांधला तर दाब खाली जातो आणि मग खोकल्यावर लघवी सुटते, हे मी रोज बघते. आणि शेगडीचं म्हणाल तर बंद खोलीत कोळसा जाळू नका, तो वायू दिसत नाही, वास येत नाही, बाळ-बाळंतिणीच्या जिवाला धोका असतो.

आक्कामाय | ४ मे, सकाळी १०:०२

राग कसला. आमच्या खोल्यांना कौलं होती, धूर निघून जायचा. आता स्लॅबच्या खोल्या. ते खरं शे.

लेवा_लेक | ४ मे, दुपारी २:१५

मी यावलची, ७ महिन्यांची मुलगी आहे. केसांचं वाचून धीर आला कारण मला वाटलं मला काही मोठा आजार झालाय. चौथ्या महिन्यात नुसता कंगवा फिरवला की गुंता, न्हाणीच्या जाळीत केसांचा बोळा. आणि गालांवर वांग आलंय दोन्हीकडे, सासूबाई म्हणतात हळद-साय लाव. काय करू? इथे मे महिन्यात ४५ डिग्रीत केळीच्या बागेकडे डबा घेऊन जावंच लागतं मला.

सिस्टर_एएनएम | ४ मे, संध्या. ७:४०

उपकेंद्रात २० वर्षं काढली, जे रोज सांगते तेच इथे लिहिते.

लेवा लेक, दिवस असताना हार्मोनमुळे केस गळायचे थांबलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांत एकदम गळायला लागतात. हे टकलाचं गळणं नाही, मुळं शाबूत असतात, वर्षभरात बहुतेकींचे भरून येतात. पण तापीकाठ, तुझे १४ महिन्यांनीही मूठ मूठ जातायत ते मला वेगळं वाटतं. एकदम जेवण तोडलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, रक्त कमी असेल तरी गळतात, थायरॉइडमुळे पण. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं काही नवीन नाही, आधी धडधड आणि वजन उतरणं, मग थकवा आणि वजन चढणं. तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, अर्ध्या बाया काळी शी होते म्हणून फेकून देतात. तू घेतल्या का पूर्ण?

आणि मान घासणं आजपासून बंद. तो मळ नाही. मान, काख काळी आणि मखमलीसारखी जाड होते तेव्हा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही याची ती खूण असते. साखर तपासून घे. गरोदरपणात साखर वाढली होती का? असेल तर डिलिव्हरीनंतर ६ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, बाळाच्या लसीच्या गडबडीत आईची राहून जाते.

वांगाला ऊन हा पहिला शत्रू. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, बाहेर जाण्याआधी आणि दुपारी पुन्हा, वर स्कार्फ. जमलं तर थोडं रंगीत येतं ते घे, त्यातलं लोह-ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवतं. हळद-सायीने नुकसान नाही पण वांग जात नाही. मेडिकलवरून गोरेपणाची क्रीम मात्र आणू नकोस, त्यातल्या कितीतरींत स्टिरॉइड असतं, महिनाभर चेहरा उजळतो मग कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात. पाळणा लांबवायला गोळ्या घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग, त्यांनी वांग वाढू शकतं.

अजून एक. पोटाच्या घडीखाली घाम साचून लाल होतं, खाजतं, वास येतो, उन्हाळ्यात माझ्याकडे रोज दोन बाया येतात आणि लाजून सांगत नाहीत. अंघोळीनंतर घडी उचलून सुती फडक्याने टिपून कोरडं करायचं, मधे मऊ सुती कापड ठेवायचं. नायटा असेल तर नुसतं बुरशीचं औषध लागतं. ते तीन-चार औषधांचं मिक्स मलम येतं त्यात पण स्टिरॉइड असतं, त्याने नायटा पसरतो आणि वर नवीन चट्टे पडतात, अगदी बाळंतपणासारखेच.

पारोळेकर | ४ मे, रात्री ९:३०

पुरुषाने इथे लिहावं की नाही माहीत नाही. माझी बायको ५ महिन्यांची बाळंतीण. लाईट बंद केल्याशिवाय कपडे बदलत नाही, मी जवळ गेलो की पोटावर आधी उशी ओढते. मी एकदा म्हणालो की मला काही फरक पडत नाही, तर ती जास्तच रडली. मी काय बोलायला हवं होतं?

भुसावळकरीण | ४ मे, रात्री १०:०५

लिहावंच, बरं झालं लिहिलंत दादा.

"मला फरक पडत नाही" यात प्रश्न तुमचाच झाला ना. तिला पडतो. तिचं अंग तिला ओळखू येत नाहीये, आणि तेच शरीर दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला लागतंय. माझ्या नवऱ्याने एक केलं होतं, तो दर रात्री बाळाला ढेकर काढायला घ्यायचा आणि मला म्हणायचा जा अंघोळ करून ये सावकाश, गरम पाणी काढलंय. तेवढी २० मिनिटं माझी. त्यात मी पहिल्यांदा स्वतःच्या टाक्याला हात लावून बघितला, चार महिन्यांनी. बधिर होता आजूबाजूला. मला कुणी सांगितलंच नव्हतं की बधिर असतो.

आणि बघत राहा, दोन आठवड्यांच्या वर सतत उदास, झोप येत नाही बाळ झोपलं तरी, बाळाबद्दल काही वाटत नाही असं असेल तर ते पोटामुळे आहे म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे सरकारी, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

तापीकाठ | ५ मे, रात्री १२:१०

सगळं दोनदा वाचलं. आज रात्री जेवले, वरण-भात.

मोजलं. फरशीवर चटई टाकून झोपले, बाळ शेजारी बसून माझं नाक ओढत होतं. डोकं उचललं आणि बोटं आत गेली. गेली म्हणजे खरंच गेली, दोन ठेवली होती मग तिसरं ठेवलं, चौथं अर्धं मावलं. आणि मधे उभा उंचवटा आला, तंबू, तसाच. मी डोकं खाली ठेवलं आणि खूप रडू आलं, पण ते कालच्यासारखं नव्हतं. वर्षभर मी जे चरबी समजून उपाशी मारत होते ते चरबी नव्हतंच. सकाळी यूट्यूब बघून रोज ५० क्रंचेस मारायचे मी.

शिरपूरची_फिजिओ | ५ मे, सकाळी ८:३०

क्रंचेस आजपासून बंद. उंचवटा येतो तो प्रत्येक व्यायाम सध्या बंद.

साडेतीन बोटं म्हणजे प्रत्यक्ष दाखवायचंच, चोपडा-जळगाव जिकडे जमेल तिकडे. तोवर एवढं कर. अंथरुणातून सरळ उठू नकोस, आधी कुशीवर वळ, मग हाताने टेकत उठ. पाण्याचा हंडा, सिलेंडर उचलताना श्वास कोंडू नको, उचलताना सोड. आणि एक व्यायाम, गुडघे वाकवून उताणी, नाकाने श्वास घे पोट-बरगड्या फुगू दे, तोंडाने हळू सोडताना लघवी रोखतो तसं खालून वर ओढ आणि बेंबीखालचं पोट आत घे, मणक्याकडे. ५ मोजून सोड. १० वेळा, दिवसातून तीनदा, बाळ दूध पिऊन झोपलं की. घाम येणार नाही, काहीच केलं नाही असं वाटेल. करत राहा.

१४ महिने झाले म्हणून उशीर झाला असं नाही. पण कातडीबद्दल खोटं नाही सांगणार. स्नायू भरला की वरची कातडी थोडी चांगली बसते, वर्ष-दीड वर्ष ती आपली आपली आवळत राहते, वय, आईकडून आलेली ठेवण, किती ताणली गेली यावर असतं. जी राहते ती राहते. ऑपरेशनने काढता येते पण पुढे मूल नको असेल तेव्हाच, आणि मोठं ऑपरेशन असतं.

सिस्टर_एएनएम | ५ मे, दुपारी १:२०

जेवणाचं सांगते. अंगावर पाजताना पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, नंतर ५२०. तुझी एक भाकरी आणि काकडी म्हणजे रोजच्या गरजेच्या निम्म्यालाही पुरत नाही. आपल्याकडे काय कमी आहे, कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, मटकी, शेंगदाणे, ताक, अंडं चालत असेल तर अंडं. शेवभाजीचा तर्रीवाला रस्सा रोज नको एवढंच. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलोच्या वर नको. तुला तर मला वाटत नाही अजून उतरवायचंय.

तापीकाठ | ५ ऑगस्ट, रात्री १०:४५

धागा वर आणतेय, तीन महिने झाले. बऱ्याच जणींनी मेसेज केले म्हणून इथेच लिहिते.

जळगावला फिजिओकडे गेले. त्याआधी इथल्या एका डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी न तपासताच "वजन कमी करा, सगळ्यांनाच होतं" म्हणून पाठवलं होतं, म्हणून मधे पंधरा दिवस गेले. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. लोहाच्या गोळ्या मी दोन महिन्यांतच सोडल्या होत्या, सिस्टर. थायरॉइड ठीक. उपाशीपोटी साखर ११२, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर, रोज ४० मिनिटं चालायला सांगितलंय, परत तपासायचीय. घासणं बंद केल्यापासून मानेची आग तरी थांबली, रंग अजून आहे.

व्यायाम एकही दिवस सोडला नाही, तापात पण केला. साडेतीनवरून दोन बोटांवर आलंय. वजन ६० चं ६२ झालं आणि संध्याकाळचं पोट मात्र पहिल्यासारखं पुढे येत नाही. पहिल्यांदा काटा वर गेला आणि मला भीती वाटली नाही. केस गळणं निम्म्यावर, कपाळाच्या कडेला बारीक बारीक नवीन केस उभे राहिलेत, सारखा हात जातो तिथे.

कातडी तशीच आहे. घडी आहे. चट्टे जांभळ्याचे फिके झालेत. आवडायला लागलं असं मी म्हणणार नाही कारण नाही आवडत. पण परवा कानबाईच्या सणाला रोटांसाठी सगळ्या जावा जमलो होतो, उकाडा होता, मी सुती साडी नेसले, आत तो आवळायचा पट्टा घातला नाही. पुरण वाटताना धाकट्या जावेने हळूच विचारलं, ताई तुमचं पोट आत गेलं काय केलं. तिला सहा महिने झालेत. मी तिला खोलीत नेलं, दार लावलं, खाली झोपवलं आणि तिची दोन बोटं बेंबीच्या वर ठेवून दिली.

लेवा_लेक | ६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताई किती निघालं तिचं?

तापीकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ७:४०

तीन. गुरुवारी तिला घेऊन जातेय जळगावला, सकाळच्या एसटीने. तुला पण दाखवायचं असेल तर मेसेज कर, यावलहून तू ये, तिथे स्टँडवर भेटू. बाळाला घेऊनच ये, तिथे बाळ खाली ठेवायला जागा आहे.